टिकलीवालीचं साल

काकाची नक्कल कराची असन तं पहिले दोन्ही हात पाठीमागं घ्या. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरा, घट्ट, जसा चोर पकडला. मंग मान खाली घ्या, पण नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नाही ठेवाची, त्याच्या टाळूवर ठेवाची. अन् बोलाच्या पहिले एक लंबा "हंऽऽ" सोडाचा, जसं मोठं मशीन चालू व्हाच्या पहिले गुरगुरते. बस. एवढं केलं का आमच्या ब्लॉकातलं शेंबडं पोट्टं बी ओरडन, "क्रेनवाले काका!"

मी शाळेपासून साऱ्यायची नक्कल करते. एक डाव मोठ्या मॅडमची नक्कल करून राहिली होती तं मॅडम खुद्द मागं येऊन उभ्या राहिल्या. मले दिसल्या बी. तरी मी थांबली नाही, कारण समोरचे पोट्टे हसून राहिले होते, अन् हसणारे लोक दिसले का मले ब्रेक लागत नाही. हा माझा जुना रोग आहे. याच रोगानं पुढं काकाचं एक अख्खं साल खाल्लं. ते सांगतेच. पण पहिले काका.

भिलाईच्या सेक्टर दहामध्ये आम्ही खालच्या क्वार्टरात, काका अन् काकू वरच्या. त्यांचा पोरगा पुण्याले नोकरीवर. काका स्टील प्लांटात, मेल्टिंग शॉपमध्ये क्रेन चालवत. म्हणजे छताच्या खाली लटकलेल्या केबिनमध्ये बसाचं अन् वितळलेल्या लोखंडानं भरलेली खोलीएवढी बादली उचलून इकडून तिकडे न्याची. तिले लॅडल म्हणतात. मी एकदा बादली म्हणली तं काका म्हणे, "बादली नोको म्हनू पोरी. लोखंडाले राग येते."

केबिन वर, माणसं खाली. अडतीस वर्षं हेच. त्यामुळं काकाले माणूस चेहऱ्यानं कमी अन् डोक्यावरून जास्त ओळखू ये. ड्यूटीवर हेल्मेटवरून, घरी भांगावरून. मी शाळेत निघाली का ते वरच्या गॅलरीत उभे असत.

"हंऽऽ. आज भांग वाकडा पडला. गणिताचा पेपर हाये का?"

अन् असाचा! माझी आई म्हणे, हा माणूस ज्योतिषी का झाला नाही. मी म्हणे, झाला असता तं लोकायले हाताच्या ऐवजी डोकं पुढं करा लागलं असतं.

अन् अशा माणसाच्या घरात, बाप्पा, बाहुल्या!

एक-दोन नाही, भिंतभर. दरसाली नाताळाच्या पहिले एक फॅशनवाली बाहुली निघते. लेकरं अंगणात लोळवतात तशी नाही. लंबी, कंबर एवढीशी, पापण्या रंगवलेल्या, अन् अंगात असा घेरदार झगा का तिच्यापुढं नवरी फिकी पडन. एका साली लाल मखमल, दुसऱ्या साली चांदी, कधी हिरवा, कधी मोरपंखी. डब्ब्यावर साल छापलेलं, समोरून पारदर्शक खिडकी. जगात बहुत लोक जमा करतात म्हणे. भिलाईत आमच्या माहितीत एकटे काका. सुरुवातीच्या त्यांच्या एका साहेबाच्या बहिणीनं विलायतेतून आणून दिल्या. मंग रायपूरच्या मॉलमध्ये भेटाले लागल्या. मंग ऑनलाइन. डिसेंबर लागला का काका कुरिअरवाल्याची अशी वाट पाहत जसा पोराचा रिझल्ट येणार आहे.

बाहुल्यांसाठी त्यांनी लोखंडी अँगलचं रॅक बनवून घेतलं होतं. त्याले राखाडी रंग, खाली पिवळी-काळी पट्टी. प्लांटातच उभं असल्यासारखं. प्रत्येक डब्ब्यावर प्लास्टिकची पन्नी, कारण आमच्याकडे खिडकी उघडी राहिली का संध्याकाळपर्यंत टीव्हीवरच्या धुळीत बोटानं नाव लिहिता येते. काकू रोज पन्नी पुसे. काका रोज समोर उभे राहून पाहत. हात पाठीमागं.

डब्बा एकही उघडलेला नव्हता. उघडणं तं सोडा, काका डब्ब्याले हात बी लावत नसत.

मंग नवी बाहुली रॅकवर चढे कशी? ते पाहाले आम्ही खालून धावत वर जाऊ. काकू स्टुलावर उभी. हातात डब्बा. अन् काका खाली उभे राहून इशारे देऊन राहिले. क्रेनवाल्याले खालून इशारे देतात ना, तसे. हाबिस म्हणजे उचल, आरिया म्हणजे खाली सोड.

"हाबिस... हाबिस... बस! थोडं डावीकडे. आता आरिया. आस्ते. आस्ते म्हनलं ना वं!"

"अहो, मी काय तुमची क्रेन हाये का?" काकू स्टुलावरून.

"जिंदगीभर दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चाललो. घरी तं मले इशारा करू दे."

"माह्या लग्नात मले दोन लुगडी भेटली होती, त्यातलं एक तुमच्या बहिनीनं नेलं," काकू डब्बा टेकवता टेकवता म्हणे. "अन् हिले पाहा, दरसाली नवा झगा."

पण काकू एकही सूत इकडे-तिकडे होऊ देत नसे.

या बाहुल्यांचा सगळ्यात मोठा उपयोग आमाले होता. काकाले सालं आकड्यानं आठवत नसत, झग्यानं आठवत. ब्लॉकात कोणाले बी काही विचाराचं असलं का वर जाचं. फलाण्याचं लग्न कधी झालं, नळाची लाइन कधी बदलली, आंब्याचं झाड कोणत्या वादळात पडलं. काका रॅकपुढं उभे राहत, "हंऽऽ" करत, अन् हनुवटीनं एक डब्बा दाखवत.

"ते चांदीवाली. त्या साली तुह्या बापाले परमोशन भेटलं अन् त्यानं पेढे वाटले. पेढे जुने होते."

मी जन्मली ते हिरव्या मखमलीच्या साली. लहानपणी मले कोणी विचारलं, बेटा कौन से साल में पैदा हुई, तं मी सांगे, "हरे गाउन में." लोकायले वाटे, पोरीले बहुत नटाची हौस आहे.

दसऱ्याची एक गोष्ट सांगते, म्हणजे काका कसे होते ते समजन. शेजारच्या ब्लॉकात एक तेलुगू आंटी राहतात. त्या नवरात्रात घरात पायऱ्या मांडतात अन् त्यावर मातीचे देव, राजा-राणी, बैलगाडी, सारे सजवतात. एका साली त्यांनी काकाले विचारलं, "भाई साहब, आपका एक गुड़िया दे दो ना, नौ दिन के लिए." काकानं दोन दिवस विचार केला. मंग दिली, पण डब्ब्यासकट. मातीच्या देवांच्या मधात मोरपंखी झगेवाली मेम पारदर्शक खिडकीतून पाहून राहिली. अन् काका रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आंटीच्या घरी. खुर्चीवर बसत, चहा पीत, बाहुलीकडे पाहत, उठत. जसं पोरगी सासरी दिली अन् बाप ख्यालीखुशाली पाहाले आला. नवव्या दिवशी आंटी आईले म्हणल्या, "तुम्हारे ऊपर वाले भाई साहब बहुत भक्ति वाले हैं." आईनं कसंबसं हसू दाबलं. काका विहारात जाणारे, वंदनेले बी मागच्या रांगेत डुलक्या घेणारे!

हे बाहुलीचं खूळ कुठून आलं ते काका सांगत नसत. म्हणजे सांगत, पण प्रत्येकाले वेगळं. माझ्या बापाले म्हणाले, "इन्व्हेस्टमेंट." विहारातल्या लोकायले म्हणाले, "पोराची आवड." मले म्हणाले, "दिवसभर लाल लोखंड पाहून डोळे भाजतात. सालातून एक चीज अशी पाहिजे का जिच्याकडे पाहिलं तं चटका बसत नाही." मले हे उत्तर आवडलं होतं. मी ते नकलेत घेतलं.

खरं उत्तर काकूनं सांगितलं, एक दिवस गॅलरीत मेथी तोडता तोडता.

काका लहान असताना त्यांची आई एका मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर भांडे घासाले जाय. डिसेंबरात त्या बंगल्यात झाड सजवत. झाडाजवळ काचेच्या कपाटात एक बाहुली होती, लाल झगेवाली. सात-आठ वर्षांचा पोट्टा समोर जाऊन उभा राहिला. बाई म्हणाली, देख लो, पर छूना मत. आईनं घाबरून त्याचे दोन्ही हात पकडले अन् पाठीमागं नेले.

"तवापासून ते हात तिथीच हायेत," काकू म्हणाली, अन् मेथीची काडी तोडून फेकली.

मी ऐकलं. मले वाईट बी वाटलं. पण मी एकोणीस वर्षांची होती, अन् एकोणिसाव्या वर्षी वाईट वाटलेलं दुपारपर्यंत टिकते.

काका रिटायर झाले नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ब्लॉकाच्या मागच्या मैदानात आम्ही छोटासा प्रोग्राम ठेवला. पोहे, जिलेबी, हार, शाल. काकाचे प्लांटातले लोक बी आले होते. भाषणं झाली, सारे जांभया द्याले लागले, तं कोणीतरी ओरडलं, "काकाची नक्कल होऊन जाऊ दे!" काका स्वतः हसले अन् मान हलवली.

मी उठली. हात पाठीमागं. "हंऽऽ." लोक हसाले लागले. मी पहिल्या रांगेतल्या टकल्या साहेबाच्या टाळूकडे पाहून म्हणली, "आज भांग दिसून नाही राहिला, कुठी ठेवून आले?" मैदान फुटलं. मंग जशी काकू स्टुलावर उभी आहे असे इशारे दिले. हाबिस, आरिया. काकू पदर तोंडाले लावून हसून राहिली होती. इथं थांबाचं होतं. पण समोर हसणारे लोक होते.

मंग मी बाहुली झाली. डब्ब्याच्या खिडकीले आतून दोन्ही तळवे लावले, नाक चपटं केलं, अन् बारीक आवाजात रडत म्हणली, "काका, ओ काका! तीस वर्षं झाली, माझा दम कोंडून राहिला! एक डाव तं हात लावा! दुसऱ्याच्या घरची आहे का मी?"

लोक खुर्चीवरून पडाचे बाकी राहिले. मागून प्लांटातला कोणी तरी ओरडला, "हात लावला तं वहिनी घरात घेणार नाही!" अजून हशा. काका बी हसून राहिले होते. मी पाहिलं. दात दिसून राहिले होते. पण मी नकलाकार आहे ना, मले माहीत आहे माणूस हसला का खांदे हलतात. काकाचे खांदे हलून नव्हते राहिले.

मी पाहिलं अन् वाकून टाळ्या घेतल्या.

त्या डिसेंबरात कुरिअरवाला वर गेला नाही. माझ्या ध्यानातही आलं नाही. माझं कॉलेज होतं, हळदीच्या प्रोग्रामात अँकरिंग कराले लागली होती, भाव वाढला होता. काका गॅलरीत उभे राहत, पण माझ्या भांगावर काही बोलत नसत. मले वाटलं, रिटायरमेंटनं माणूस चूप होते.

दीड सालानं आईच्या मेडिकल कार्डाचा फॉर्म भराचा होता. त्यात विचारलं होतं, पित्ताशयाचं ऑपरेशन कोणत्या साली झालं. घरातली फाइल शोधाच्या ऐवजी वर जाणं सोपं, म्हणून मी गेली. पाहते तं रॅकवर चादर. जुनी, फुलाफुलांची, चारी बाजूनं बांधलेली.

"काका, हे काय? रंग देऊन राहिले का?"

"हंऽऽ. धूळ बहुत येते."

"बरं, आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन कधी झालं ते सांगा ना. तुमच्या रिटायरमेंटच्या साली का त्याच्या पहिले?"

काका चादरीकडे पाहत राहिले, जसे आतले डब्बे मोजून राहिले. मंग म्हणाले, "त्या सालची बाहुली नाई पोरी."

"कावून?"

"नाई घेतली. त्या साली काई झालं नाई असं समज."

अडतीस वर्षं क्रेन चालवून माणूस खाली उतरला, ते साल. अन् त्या साली काही झालं नाही!

मी चादरीची एक गाठ उगाच सरळ कराले लागली. काकाच बोलले, हळू, माझ्या टाळूकडे पाहून.

"नक्कल चांगली होती तुही. बाहुली झाली होती ना, ते तं सगळ्यात चांगली. मी रातभर विचार केला. खरंच बोलली ते."

रागावले असते तं मी माफी मागून मोकळी झाली असती. हे तं माझी तारीफ करून राहिले होते.

खाली उतरताना काकू जिन्यापर्यंत आली. "तुह्यावर राग नाई त्यायचा," म्हणाली. "पण आता रॅकपुढं उभे नाई राहत. म्हंतात, लोकायले वाटलं असन म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. अन् दिवसभर करतात काय? गॅलरीत उभे राहून रिकाम्या रस्त्याले इशारे करतात."

त्या दिवसापासून माझं एकच काम. त्या सालची बाहुली पाहिजे. नवी तं भेटणारच नव्हती, ते साल गेलं. जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या साइटवर शोधलं, जमा करणाऱ्या लोकांच्या ग्रुपमध्ये घुसली, काकाच्या आवाजात व्हॉइस मेसेज टाकले, एका माणसानं मले खरंच साठीचा समजून "अंकल जी" म्हणलं. चार-पाच महिन्यांनी बेंगळुरूच्या एका बाईजवळ भेटली. पांढरा झगा, त्याले सोनेरी कड. डब्बा बंद, न उघडलेला. मी हळदीच्या तीन प्रोग्रामांचे पैसे तिच्यावर लावले अन् मागवली.

विकणाऱ्या बाईची एकच अट. पार्सल आलं का खोलतानाचा व्हिडिओ काढाचा. व्हिडिओ नसन तं तुटफुटीची तक्रार चालणार नाही. आजकाल सारेच असं म्हणतात. आमच्या घरी तं आता साबणाचं पार्सल आलं तरी आई-बाप शूटिंग करतात.

पार्सल आलं त्या दिवशी मी दुर्गले प्रोग्रामात. आईचा फोन आला. मी घाईत म्हणली, "आई, व्हिडिओ काढत काढत खोल. पूर्ण खोलताना दिसलं पाहिजे. काही कमी-जास्त असन तं समजन."

हे मी म्हणली. माझ्याच तोंडानं.

संध्याकाळी प्रोग्राम संपला अन् स्कूटीवर बसून मी व्हिडिओ लावला. अकरा मिनिटांचा. पहिले तं नुसता बापाचा अंगठा. मंग आई, चांगली साडी नेसून, हातात भाजीचा चाकू.

"हे पार्सल आहे. हे बंद आहे. आता मी खोलून राहिली. अहो, कॅमेऱ्याकडे पाहू का?"

"पार्सलकडे पाह्य वं."

वरचा खोका कापला. फुग्यांची पन्नी काढली. आत बाहुलीचा डब्बा, कोरा, चमकणारा. मी स्कूटीवर सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात आईनं चाकू पुन्हा उचलला.

"नाही आई, नाही! आई, थांब!" मी भर रस्त्यावर मोबाइलले ओरडून राहिली. दोन तासांपहिले शूट झालेल्या व्हिडिओले. पानठेल्यावरचे लोक वळून पाहाले लागले.

चाकू डब्ब्याच्या कडेनं सर्र गेला. खिडकीची पन्नी निघाली. बाहुलीले मागून ज्या बारीक तारांनी बांधलेलं असते त्या आईनं नेलकटरनं एक एक करून तोडल्या. "हात दोन आहेत. पाय दोन आहेत. चपला..." बाहुली उलटी केली, "चपला बी दोन्ही आहेत. बरोबर आहे माल." मंग बाहुलीकडे पाहून तिचा चेहरा बदलला. "केस कसे झाले बिचारीचे." कंगवा घेतला, भांग पाडला. तरी काही तरी कमी वाटलं. स्वतःच्या कपाळाची टिकली काढली अन् तिले लावली. "आता पाहा."

"आता बरी दिसते," बापाचा आवाज. व्हिडिओ संपला.

घरी येऊन मी जे रडली ते सांगत नाही. आई गोंधळून गेली. "तूच म्हणली ना, पूर्ण खोल! मी तं चपला बी मोजल्या!"

"टिकली कावून लावली पण?"

"सणाची बाहुली म्हणते अन् कपाळ रिकामं? कशी सुनी सुनी दिसे!"

तिची काय चूक? पार्सल म्हणजे काय अन् डब्बा म्हणजे काय, हा फरक काकाले माहीत, मले माहीत. आईसाठी बाहुली म्हणजे बाहुली. डब्ब्यातून काढल्याशिवाय ती आली असं होतच नाही.

टिकली काढाले गेली तं भीती वाटली, कपाळाचा रंग निघून येईन. राहू दिली. ओढणीत बाहुली, काखेत फाटका डब्बा, अन् मी जिना चढली. विचार करून ठेवला होता, पहिले काही तरी विनोद करीन, हंऽऽ करीन. वर गेली तं काकाचा आवाज निघालाच नाही. साधा माझा निघाला.

"काका, तुमच्या रिटायरमेंटच्या सालची आणली होती. बंद होती. आईकडून खोलल्या गेली. चूक माझीच आहे. ही बी अन् त्या दिवशीची बी."

काका खुर्चीवरून उठले. हात पाठीमागं गेले. ओढणीत पडलेल्या बाहुलीकडे वरून पाहाले लागले. काकू स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन आली.

"हंऽऽ," काका म्हणाले. "भांग कोनं पाडला?"

"आईनं."

"वाकडा हाये."

मी मान हलवली.

"अन् हे टिकली?"

"आईनंच."

काकू फुटली. असं हसली का पीठ साऱ्या पदरावर. "पाहा तं! एवढ्या सालांत पहिली बाहुली दिसून राहिली जे आपल्या घरची वाटते! नाई तं साऱ्या कशा, पाहुन्या आल्यासारख्या!"

काकाचे खांदे हलले. मी पाहिलं. खांदे हलले.

"पण डब्बा तं गेला," ते म्हणाले. "मंग रॅकवर ठेवाची कशी?"

"तुमी धरा," काकू म्हणाली. "माहे हात पिठाचे हायेत."

मी या माणसाच्या हातांचा अभ्यास केलेली पोरगी आहे. कोणतं बोट कुठं असते, मनगट किती घट्ट धरतात, सारे पाठ. त्यामुळं मले समजलं कधी पकड सुटली. पहिले बोटं ढिली झाली. मंग एक हात खाली आला, उगाच, पॅन्टले पुसल्या गेला. मंग दुसरा. मंग दोन्ही हात समोर, तळवे वर, जोडून. मोठे, काळपट, नखं तुटलेली. असे हात मी काकाचे कधी पाहिलेच नव्हते.

"आरिया," काका म्हणाले.

मी बाहुली उचलली अन् त्या हातांच्या वर आणली.

"आस्ते."

थोडी खाली घेतली.

"आस्ते... आस्ते... बस."

बाहुली टेकली. मी हात काढून घेतले. काका तिच्याकडे पाहत राहिले. पांढरा झगा दोन्ही बाजूंनी मनगटावर सांडला होता.

"हलकी हाये वं," ते काकूले म्हणाले. आवाज वेगळाच. "मले वाटलं होतं जड असन."

मंग त्यांनी मले कंगवा आणाले सांगितला अन् भांग सरळ केला. अर्धा तास लागला. मध्ये मी एक सूचना केली तं म्हणाले, "तू चूप बस. तुहा सोताचा वाकडा हाये."

चादर त्याच दिवशी निघाली. काकूनं धुऊन तिची पुसणी केली. रॅकवर आता डब्ब्यांच्या मधात एक बिनडब्ब्याची उभी असते, मागून तारेचा स्टँड, कपाळावर टिकली. टिकली महिन्या-दोन महिन्यांत पडते. मंग काकू आपल्या पाकिटातली नवी लावते. बाकी बाहुल्या अजून बंदच आहेत. मी एक डाव म्हणलं, आता साऱ्याच खोला, तं काका असे पाहाले लागले जसं मी लॅडल उलटी केली.

पुढच्या डिसेंबरात कुरिअरवाला वर गेला. मधलं एक साल रिकामं राहिलं. मी ते बी शोधते म्हणलं. काका म्हणाले, "राहू दे. त्या साली खरंच काई झालं नाई." पण ब्लॉकात कोणी विचारलं का काका रिटायर कधी झाले, आईचं ऑपरेशन कधी झालं, तं ते रॅककडे हनुवटी करतात.

"टिकलीवालीच्या साली."

नक्कल मी अजून करते. आता पहिले वर जाऊन दाखवते, मंग बाहेर. काका खुर्चीवर बसून बारीक बारीक दुरुस्त्या सांगतात. हंऽऽ तोच आहे. नजर टाळूवरच. पण परवा मी सवयीनं हात पाठीमागं घेतले तं त्यांनी मधातच थांबवलं.

"ते जुनं झालं पोरी."

म्हणून तुमाले बी सांगते. काकाची नक्कल कराची असन तं हात समोर घ्या. तळवे वर, जोडून. अन् थोडा वेळ तसेच राहू द्या, जसं कोणी तरी वरून हळूहळू काही सोडून राहिलं.